डोळ्यात लेन्स टाकायचीय? आधी हे ठरवा, चष्मा कुठे लागला तर चालेल

मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टर सांगतात, आणि बाहेर आलं की काउन्सेलर समोर एक रंगीत तक्ता ठेवते. मोनोफोकल, टोरिक, ट्रायफोकल, ईडॉफ, यातली कुठली टाकायची ते सांगा. आता ज्याला कालपर्यंत डोळ्यात लेन्स असते हेच माहीत नव्हतं तो काय सांगणार, मग कुणी म्हणतं "जी सगळ्यात भारी असेल ती टाका", कुणी म्हणतं "साधीच टाका, या वयात काय करायचंय". घरातल्यांच्या आणि ओळखीतल्यांच्या अशा ऑपरेशनांच्या वेळी सोबत बसून माझं एक मत पक्कं झालंय, लेन्सचं नाव शेवटी ठरवायचं. आधी हे ठरवायचं की दिवसातल्या कुठल्या कामाला चष्मा लावावा लागला तर मला चालेल आणि कुठल्या कामाला अजिबात चालणार नाही. हे एकदा स्पष्ट झालं की त्या तक्त्यातले अर्धे पर्याय आपोआप गळतात.

थोडं बेसिक आधी. आपल्या बाहुलीच्या मागे जन्मापासून एक पारदर्शक भिंग असतं, पातळ पिशवीत बसलेलं. लांबून जवळ बघताना ते आकार बदलतं म्हणून तरुणपणी सगळीकडे स्पष्ट दिसतं. चाळिशी लागते ती हे भिंग कडक व्हायला लागल्यामुळे, आणि पुढे तेच गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणायचं. म्हणजे मोतीबिंदू हा डोळ्यावर वाढलेला पडदा वगैरे नाही, आपलंच भिंग ते. ऑपरेशनमध्ये पिशवी जागेवर ठेवून आतलं गढूळ भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. ही लेन्स टाकायची कल्पना लंडनच्या हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांची. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात गेले तरी डोळा ते सहन करतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९४९ साली त्यांनी त्याच प्रकारच्या प्लास्टिकची लेन्स बनवून बसवली. त्याआधी भिंग काढलं की पेशंटला जाडजूड भिंगांचा चष्मा आयुष्यभर. आजच्या लेन्स बहुतेक मऊ ॲक्रिलिकच्या असतात, मधला गोल भाग साधारण ६ मिमी, दोन बाजूंना पाय धरून पूर्ण लांबी १३ मिमीच्या आसपास, आणि घडी घालता येते म्हणून २ ते ३ मिमीच्या छेदातून आत जाते.

आत्ता करायचं की थांबायचं

मोतीबिंदू पिकू दे मग काढू, हा सल्ला अजूनही घरोघरी मिळतो. तो जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आता फेको पद्धतीत भिंग आवाजाच्या लहरींनी फोडून ओढून काढतात, त्यामुळे फार पिकलेलं, दगडासारखं कडक झालेलं भिंग उलट त्रासदायक, जास्त ऊर्जा लागते आणि कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, सूज येण्याची शक्यता वाढते. पण रिपोर्टवर मोतीबिंदू हा शब्द दिसला म्हणून लगेच पळायचीही गरज नसते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का, चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय का, पुरेसा उजेड असूनही वाचायला कष्ट पडतात का, पायऱ्यांचा अंदाज चुकतो का, म्हणजे रोजच्या जगण्यात अडतंय का हे बघायचं. अडत असेल तर करा, नसेल तर तपासणी करत राहा.

आणि ज्यांना मोतीबिंदू नाहीच, फक्त चष्म्याचा कंटाळा आलाय म्हणून लेन्स बदलायचीय त्यांनी जरा दमानं घ्या. ऑपरेशन तेच, पण तुम्ही चांगलं भिंग काढताय. चाळिशीच्या आतल्या माणसाचं भिंग जवळ-लांब स्वतः ॲडजस्ट होत असतं, ते गेलं की ती ताकद परत येत नाही, कुठल्याही लेन्सने. मोठा मायनस नंबर असलेल्यांमध्ये या ऑपरेशननंतर डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरुण वयात तर अजून. पन्नाशीच्या पुढे, मोठा प्लस नंबर आहे, अशांना याचा विचार करण्यात अर्थ असू शकतो, पण तो निर्णय निवांत घ्यायचा, ऑफर चालू आहे म्हणून नाही.

मोजमाप, इथे घाई करू नका

लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक मोजतात, याला बायोमेट्री म्हणतात. हनुवटी टेकवून मशीनमधल्या दिव्याकडे बघायचं, काही दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होतं, म्हणूनच लोकांना ते किरकोळ वाटतं. पण डोळ्याची सरासरी लांबी साडेतेवीस मिमी, आणि तिच्यात १ मिमीची चूक झाली तर नंबर अडीच-तीन डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) हुकतो, म्हणजे इतकं सगळं करून परत जाड चष्मा. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी त्या बंद ठेवायच्या, मऊ असतील तर साधारण आठवडा-दोन आठवडे आणि हार्ड असतील तर तीन-चार आठवडे, कारण त्यांच्यामुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. डोळे कोरडे पडत असतील, खुपत असतील तर आधी त्यावर उपचार आणि मग मोजमाप, नाहीतर दर वेळी वेगळा आकडा येतो. पूर्वी लेसिक करून नंबर घालवला असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा, वीस वर्षांपूर्वी केलं असलं तरी, कारण नेहमीची सूत्रं अशा डोळ्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत आणि लेसिकच्या आधीचे नंबरचे कागद सापडले तर सोबत न्या. रेटिनाचं ओसीटी स्कॅन, म्हणजे तिच्या थरांचा उजेडाने काढलेला फोटो, पण करून घ्या, विशेषतः डायबेटिस असेल किंवा महागडी लेन्स घ्यायचा विचार असेल तर. मागचा पडदा खराब असेल तर पुढे कितीही उंची लेन्स टाका, फायदा होत नाही.

आता टेप घ्या

हे काम घरी करायचं आणि जोडीला कुणीतरी हवं. शिवणकामाचा टेप चालतो. नेहमी बसता तसं बसा, पुस्तक किंवा पेपर नेहमी धरता तसा धरा आणि डोळ्यापासूनचं अंतर दुसऱ्याला मोजायला सांगा. मग मोबाइल, मग कॉम्प्युटरचा स्क्रीन, भाजी चिरताना विळी किंवा सुरी, शिलाई मशीनची सुई, हार्मोनियम वाजवत असाल तर समोरची वही, गाडीचा स्पीडोमीटर. मुद्दाम ताठ बसू नका, अंतर खोटं येतं. बहुतेकांचं वाचन ३५ ते ४० सेंमीवर येतं, स्क्रीन ६० ते ८० वर, आणि त्यापुढे टीव्ही, रस्ता, समोरून येणाऱ्याचा चेहरा. प्रत्येकापुढे लिहा, चष्मा चालेल की नाही चालणार. हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांचीही पंधरा मिनिटं वाचतात.

याचं कारण असं की साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर फोकस होते आणि ते अंतर कुठलं ते तुम्ही ठरवायचं असतं. हे कित्येकांना सांगितलंच जात नाही. न सांगता बहुतेक ठिकाणी लांबचं धरतात, म्हणजे रस्ता, टीव्ही बिनचष्म्याचं, वाचायला चष्मा. बऱ्याच जणांना ते बरोबरही असतं. पण ज्यांना आयुष्यभर मायनस ३ वगैरे नंबर आहे ना, त्यांचं काय होतं बघा. ही मंडळी चष्मा कपाळावर सरकवून झोपताना पुस्तक वाचतात, सुईत दोरा ओवतात, काटा काढतात, कारण मायनस ३ ला उघड्या डोळ्याने ३३ सेंमीवर एकदम स्वच्छ दिसतं. त्यांना लांबची लेन्स टाकली की लांबचा चष्मा जातो खरा पण ती जवळची नजर पण जाते, आणि मग "ऑपरेशन बिघडलं" अशी तक्रार सुरू होते. बिघडलेलं काहीच नसतं, विचारलेलं नसतं. अशा माणसाने डॉक्टरांना सरळ म्हणावं की मला मायनस अडीचवर ठेवा, वाचन बिनचष्म्याचं होईल आणि बाहेर जाताना आजवर घातला तसा चष्मा घालीन. हिशोब सोपा आहे, १०० ला मायनस नंबरने भागा, उत्तर सेंमीमध्ये, तेवढ्या अंतरावर स्पष्ट. अडीचला ४० सेंमी, दीडला साधारण ६६ सेंमी म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं अंतर.

अजून एक वाट आहे, मोनोव्हिजन. एक डोळा लांबसाठी, दुसरा थोडा मायनसमध्ये जवळसाठी, मेंदू दोन्ही जुळवून घेतो. सगळ्यांना जमत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस ट्रायल घेता येते, मोतीबिंदू फार दाट नसेल तर ती घ्याच.

मग लेन्सच्या नावांकडे

टोरिक ही सिलिंडर नंबरवाल्यांसाठी, म्हणजे कॉर्निया एका दिशेला जास्त बाकदार असतो त्यांच्यासाठी. इथे एक गंमत आहे, चष्म्याच्या कागदावरचा सिलिंडर बघून हे ठरत नाही, कारण त्यातला काही भाग तुमच्या जुन्या भिंगाचा असतो आणि तो भिंगासोबत निघून जातो, कधी उलटंही होतं, चष्म्यात कमी आणि कॉर्नियात जास्त. त्यामुळे कॉर्नियाचा आकडा विचारायचा, साधारण १ डायॉप्टरच्या पुढे असेल तर टोरिकचा फायदा ठळक असतो. ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसवावी लागते, एक अंश फिरली तरी सुमारे ३ टक्के परिणाम कमी होतो आणि ३० अंश फिरली तर काहीच उपयोग उरत नाही. म्हणून ऑपरेशनआधी तुम्हाला ताठ बसवून डोळ्यावर शाईने खुणा करतात (आडवं झाल्यावर डोळा थोडा वळतो) किंवा मशीनने कोन धरतात. सिलिंडर असेल तर माझ्या मते पैसे घालवायची पहिली जागा टोरिक, मल्टिफोकल नंतर.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकलमध्ये लेन्सवर बारीक गोल रिंगा असतात, त्या येणारा उजेड लांब, मध्यम, जवळ असा वाटून देतात. वाटला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी आला, हे लक्षात ठेवा. दिवसा, चांगल्या उजेडात बहुतेक कामं बिनचष्म्याची होतात आणि लोक खूष असतात. मंद उजेडात बारीक अक्षर फिकं वाटतं आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, काहींना जाळं दिसतं. काही महिन्यांत मेंदूला सवय होते, त्रास बराच कमी होतो, पण सगळ्यांचा पूर्ण जातोच असं नाही. रात्री गाडी चालवणं हे ज्याचं पोट आहे त्याने ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅक्युलाचा, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाचा, आजार, डायबेटिसमुळे खराब झालेली रेटिना, वाढलेला काचबिंदू, वेडावाकडा कॉर्निया, खूप कोरडे डोळे, यातलं काही असेल तर चांगले डॉक्टर स्वतःच नको म्हणतात. आणि स्वभावाचंही बघा, ज्याला भिंतीवरचा फोटो एक बोट तिरका असला तरी झोप येत नाही त्याला ती कडी रोज दिसणार.

ईडॉफ, म्हणजे फोकसचा पल्ला लांबवणारी लेन्स, ही मोनोफोकल आणि मल्टिफोकलच्या मधली आहे, लांबचं आणि स्क्रीनचं अंतर चांगलं, कड्यांचा त्रास सहसा मल्टिफोकलपेक्षा कमी, पण औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचायला चष्मा लागू शकतो. सुधारित मोनोफोकल म्हणून पण काही येतात, त्यात लांबसोबत मधलं अंतर थोडं जास्त मिळतं एवढंच.

बाकी विक्रीत ऐकू येणाऱ्या गोष्टी पटकन उरकतो. पिवळसर लेन्स, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी, ती रेटिनाला वाचवते याचा पक्का पुरावा नाही, टाकली तर बिघडतही नाही. लेसरने मोतीबिंदू, म्हणजे फेम्टोसेकंड, त्याने छेद आणि गोल कापणं मशीन करतं, पण मोठ्या अभ्यासांमध्ये नेहमीच्या फेकोपेक्षा अंतिम नजरेत ठळक फरक आढळलेला नाही. चांगला हात असलेला सर्जन आणि नीट मोजमाप या दोन गोष्टींचं वजन जास्त. "शंभर टक्के चष्मा जाईल" असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे पण दाखवून या.

ऑपरेशनच्या आधी सांगायच्या गोष्टी

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतली असेल तर आवर्जून सांगा. डोळ्याचा आणि लघवीच्या गोळीचा काय संबंध म्हणून लोक गप्प बसतात, पण तिच्यामुळे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये मध्ये मध्ये येतो. आधी माहीत असलं की सर्जन तयारीत असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, विचारून ठरवा. शुगर, बीपी, ॲलर्जी, सतत खोकला, मान सरळ ठेवता न येणं, उताणं झोपल्यावर दम लागणं, हे सगळं सांगायचं.

त्या दिवशी केस धुऊन जा, काजळ, पावडर काही नको. बाहुली मोठी करायचे थेंब पुन्हा पुन्हा टाकतात, या वाट बघण्यातच जास्त वेळ जातो. भूल बहुतेकदा थेंबांचीच असते. पापणीभोवती आयोडिनचं औषध लावतात, चेहऱ्यावर चिकट कापड येतं आणि पापण्या उघड्या ठेवणारी छोटी क्लिप, त्यामुळे डोळा मिटला तर काय ही भीती सोडा, मिटताच येत नाही. वरचा दिवा डोळे दिपवतो, मग हळूहळू रंगाचे डाग हलताना दिसतात, पाणी वाहिल्यासारखं थंड वाटतं. मशीनचा सूर वरखाली होत राहतो, तो ऐकून काही बिघडलं असं समजू नका, पायातल्या पेडलवर सर्जनचा दाब बदलतो तसा तो बदलतो. शेवटी घडीची छत्री उघडावी तशी लेन्स आत हळूच उलगडते, तेव्हा थोडा दाब जाणवतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. खोकला येतोय असं वाटलं तर आधी बोला, मग खोका, डोकं मात्र हलवायचं नाही. टाका बहुतेक वेळा लागत नाही, छेद आपोआप बंद होतो.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी धूसर दिसणं, खुपणं, पाणी येणं चालतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की बरेच जण आधी रंगांबद्दल बोलतात. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने भिंत पांढरी दिसते आणि दुसरा डोळा उघडून बघितलं तर तीच भिंत चहा सांडल्यासारखी पिवळट. जुनं भिंग इतकी वर्षं निळा रंग खात होतं, त्याचा पत्ताच नव्हता.

थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. हात धुऊन खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत साधारण महिनाभर चालतात, बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका आणि उरलेत म्हणून वाढवूही नका, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. झोपताना प्लास्टिकची ढाल लावा, झोपेत हात आपोआप डोळ्यावर जातो. चोळायचं नाही. पहिले एक-दोन आठवडे डोळ्यात नळाचं पाणी, साबण जाऊ देऊ नका, केस मागे टेकून कुणाकडून तरी धुऊन घ्या, जड उचलणं टाळा, पोहणं महिनाभर बंद. टीव्ही, मोबाइल, वाचन याने काही होत नाही, उगाच अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवू नका माणसाला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक पडला तर चक्कर, जिना उतरताना अडखळणं असं होतं. जुन्या चष्म्याची त्या बाजूची काच काढून घेतात काहीजण, तात्पुरतं चालतं. नवीन चष्मा मात्र चार ते सहा आठवड्यांनी, नंबर स्थिर झाल्यावर. कानाच्या बाजूला डोळ्याच्या कडेला काळी चंद्रकोर किंवा चमक दिसली तर डॉक्टरांना सांगा, बहुतेकांची आपोआप विरते.

न थांबता त्याच दिवशी जायचं ते यासाठी: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, लाली वाढतेय, काल दिसत होतं ते आज धूसर झालंय. आतलं इन्फेक्शन दुर्मीळ असतं पण आलं तर बहुधा पहिल्या आठवड्यात येतं आणि तासांचा हिशोब असतो तिथे, रात्र आहे, उद्या रविवार आहे असा विचार नको. तसंच विजा चमकल्यासारखं दिसणं, अचानक काळे ठिपके वाढणं, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं होणं, हे ऑपरेशननंतर वर्षाने झालं तरी लगेच दाखवायचं.

डिस्चार्जच्या वेळी लेन्सचं कार्ड मागून घ्या, त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर व्हायला लागलं तर "मोतीबिंदू परत आला" असं म्हणतात, तसं नसतं, लेन्सच्या मागे राहिलेली पिशवी गढूळ झालेली असते. याग लेसरने तिच्यात मधोमध छोटी खिडकी करतात, खुर्चीत बसल्या बसल्या काही मिनिटांत होतं, लेन्स तीच राहते. फक्त मल्टिफोकलवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, लेन्सवरच नाराज असाल आणि बदलायचा विचार डोक्यात असेल तर याग करायच्या आधी तसं बोला, कारण पिशवीला भोक पडल्यावर लेन्स बदलणं बरंच अवघड होऊन बसतं.